कांद्याची सड कुठवर जाईल? हरभरे मांडून बघा

माझं माहेर लासलगावजवळ. उन्हाळ कांदा चाळीत भरला की दादाला एकच घोर: एक कांदा सडला तर शेजारचे किती नेईल? नाशिकरोडला शिकवणीत अवस्थांतर (बर्फाचं पाणी होतं तसा अवस्थेतला बदल) आलं की मी हाच प्रश्न पोरांपुढे मांडते.

कागदावर १० बाय १० चौकटी आखा. हरभरा म्हणजे सड पकडणारा कांदा, चवळी म्हणजे टणक, सुकलेला. पिशवीत ४० हरभरे आणि ६० चवळ्या हलवा, न बघता एकेक काढून चौकटी भरा. आता वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत हरभऱ्यावरून हरभऱ्यावर बोट नेता येतं का पाहा. बाजूला बाजू लागली तर चालेल, कोपऱ्याला कोपरा नाही. (पोरं लबाडी करतात ती इथेच.) दहा डाव मांडा, मग ५०, ६०, ७० हरभरे घेऊन पुन्हा.

आमच्याकडे ४० ला एकदाही वाट सापडली नाही, ५० ला एकदा, ६० ला सहादा, ७० ला दहाही वेळा. पट अफाट मोठा केला की उंबरठा ५९.२७ टक्क्यांवर येतो: त्याखाली वाट नाही, वर हमखास. हा आकडा संगणकाने काढलेला. नेमकं सूत्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

एकाआड एक ओळ अर्धी चौकट सरकवा, विटांच्या भिंतीसारखी. शेजारी चाराचे सहा होतात आणि उंबरठा बरोबर ५० वर येतो. थरावर थर रचले, खोक्यावर खोकं ठेवल्यासारखे, तर थेट ३१ च्या आसपास! दादाला सांगितलं तर म्हणाला, "उंच ढीग लावू नये, हे आबाही सांगायचे." खऱ्या चाळीत हवा आणि दमटपणाही असतोच, म्हणून ३१ हा आकडा तिथे जसाच्या तसा लावू नका.

हे गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ साली मांडलं. उंबरठा ओलांडणं हेही अवस्थांतरच, पण बर्फ वितळताना उष्णता गिळत शून्य अंशावर थांबतो, तसं इथे काही नाही. हे लोखंडाच्या चुंबकत्वासारखं: तापवत नेलं की ते कमी कमी होत ७७० अंशांना शून्य होतं, मध्ये थांबा नाही.

उंबरठा आणखी धारदार हवा असेल तर २० बाय २० आखा. चारशे दाणे मांडताना एक तास सहज जातो, पंखा बंद ठेवा.