पावती फाटेपर्यंत सिनेमा सांगायचा कसा

मी वाईत केबलचं काम करतो. महिन्याच्या सुरुवातीला गणपती आळीपासून सोनगीरवाडीपर्यंत पैसे गोळा करत फिरताना दारादारात एकच विचारणा: "अरे, तो अमका लागलाय म्हणं, बघू का?" आत कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या, मला पुढची दारं गाठायची. पावती फाटेपर्यंत काय ते सांगून मोकळं व्हायचं. म्हणून दोन-तीन वाक्यांत मत द्यायची एक रीत माझ्या अंगवळणी पडली. घरच्या ग्रुपवर मत टाकायलाही तीच चालते.

आधी विचारणारं कोण आहे ते बघा. "एक नंबर आहे" म्हणून कुणालाच काही कळत नाही. नातवंडं मांडीवर घेऊन बसणारी आजी आणि कॉलेजातलं पोरगं, दोघांना एकाच वाक्यात तोच सिनेमा सांगता येत नाही. त्यामुळे मी सुरुवात व्यवहाराने करतो. किती लांब आहे, सगळ्यांसोबत बसून बघवेल का, मारामारी किती, रडू येतं का. लोकांना मुळात हेच हवं असतं, फक्त ते सरळ विचारत नाहीत.

त्यापुढं सिनेमातली एकच जागा दाखवायची, पण ती नीट दाखवायची. 2004 चा 'स्वदेस' घ्या. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या चरणपूरची, पण गावाचं शूटिंग आमच्या शेजारी मेणवलीत झालेलं. वाईत या सिनेमाबद्दल विचारून बघा, लोक घाटाच्या पायऱ्या ओळखत बसतात. मग नाना फडणवीसांचा वाडा निघतो, तिथून गाडी चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेल्या घंटेवर जाते. सगळं खरं आहे, पण विचारणारी सून सांगलीची असली तर तिनं त्या घंटेचं काय करायचं? मी सांगतो ते असं: "तीन तासांच्या वर आहे वहिनी, रविवारी बघा. मारामारी नाही. बाटलीतलंच पाणी पिणारा शाहरुख एका स्टेशनवर पंचवीस पैशांचं पाणी विकणाऱ्या पोराकडनं मातीच्या भांड्यातलं पाणी घेतो. तिथवर उठू नका. तिथं आत काही हललं तर सिनेमा तुमचा." बस्स. नासा नाही, विजेचं काय होतं ते नाही.

शेवट लपवायचा असेल तर गप्प बसून जमत नाही, कारण "शेवट नाही सांगत हं" म्हटलं की माणूस तिथंच अडकतो. त्यापेक्षा बाजूचं काहीतरी सांगा. 2016 ला 'सैराट' आला तेव्हा गाणी सगळ्यांच्या तोंडी होती. ज्यानं अजून बघितला नाही त्याला मी एवढंच म्हणतो: "अर्धा सिनेमा नाचायला लावतो, अर्धा नाही. आणि शेवटी आवाज गेला तर मला फोन करू नका, बॉक्स बिघडलेला नाही." ज्या सिनेमाच्या संगीतासाठी परदेशात ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, त्यात नागराज मंजुळ्यांनी शेवटाला शांतता ठेवली, यापेक्षा मोठी तारीफ मला सुचत नाही.

मालिकेचं गणित निराळं. सिनेमा एकदा संपतो, मालिका महिन्यामहिन्याला बदलते. म्हणून मत देताना कुठपर्यंत बघितली ते आधी सांगा. 'लागिरं झालं जी' 2017 ला सुरू झाली तेव्हा मी बिनधास्त 'बघा' म्हणायचो. फौजेत जायला निघालेला अज्या आणि त्याची शितली आमच्याकडं कुणाला परके वाटणार? आपल्याकडं अपशिंगे गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे. बोलणंही साताऱ्याचं, पुण्यात धुऊन आणलेलं नाही. पुढं पुढं ताणली, असं माझं मत. पण फौजीच्या घरातल्या बाईला मी ते तोडून सांगायचो नाही. ती मालिका बघत नव्हती, घरच्या माणसाची वाट बघत होती.

न आवडलेलं सांगायला शिव्या लागत नाहीत. बघताना तुम्ही काय केलंत ते सांगा. "मधेच उठून कणीक मळून आले, परत बसले तर दोघं तिथंच उभी" हे एका काकूंचं मत मला कुठल्याही चांदण्यांपेक्षा भरवशाचं वाटतं. आणि बघितलंच नसेल तर 'नाही बघितला' म्हणा. पोस्टर बघून मत देणारे गावात भरपूर आहेत, तुमची भर नको.

मत पटलं नाही तर वाद घालू नका, लिहून ठेवा. माझ्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर नोंदी आहेत: गंगापुरी, माडीवरचे, रडकं नको. त्याखाली: कोपऱ्यावरची आजी, भुताचं चालतं, पण दुपारी.