प्रेशर स्टीम इस्त्री वापरताना या चुका टाळा: ओले ठिपके, तपकिरी डाग आणि मंदावलेली वाफ

वेगळ्या टाकीची, जाड नळीची प्रेशर स्टीम इस्त्री बहुतेक जण साध्या इस्त्रीसारखीच चालवतात. म्हणजे जोर देऊन, भराभर, एकाच जागेवर चार-चार वेळा. मग कपडा दमट राहतो, पांढऱ्या चादरीवर तपकिरी डाग उमटतो, काळी पँट मांडीवर चमकायला लागते आणि सहा महिन्यांत वाफ अर्ध्यावर येते. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. या इस्त्रीत सुरकुती वजनाने जात नाही, वाफेने जाते, आणि ती वाफ कोरडी असावी लागते. कापडातून आरपार निघून गेलेली वाफ कामाची. कापडातच गार होऊन जिचं पाणी झालं, ती त्रासाची.

साध्या स्टीम इस्त्रीतून मिनिटाला साधारण २० ते ५० ग्रॅम वाफ निघते, प्रेशरच्या इस्त्रीतून १०० ते १५० ग्रॅम. एवढी वाफ जाड लिननच्या दोन्ही पदरांतून पार होते, पण तितकंच पाणीही तुमच्या कपड्यावर उतरू शकतं. खोक्यावर ठळक छापलेल्या बारच्या (बार हे दाबाचं एकक) आकड्यापेक्षा हा ग्रॅमचा आकडा पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी आपली इस्त्री कोणत्या प्रकारची ते ओळखा

पहिल्या प्रकारात बंद बॉयलर असतो. पाणी बॉयलरमध्येच तापतं, दाब तयार व्हायला ५ ते १० मिनिटं लागतात आणि पाणी संपलं की इस्त्री थंड केल्याशिवाय झाकण उघडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात टाकीतलं पाणी थंडच राहतं. एक छोटा पंप ते थोडं थोडं तापलेल्या भागाकडे ढकलतो आणि तिथे त्याची वाफ होते. ही इस्त्री दोनेक मिनिटांत तयार होते आणि टाकी मध्येच काढून भरता येते. काही यंत्रांत दोन्ही असतं: बाहेर काढता येणारी टाकी आणि आत बॉयलर.

हा फरक कळला नाही तर सगळ्यात धोकादायक चूक घडते, ती म्हणजे दाब असताना बॉयलरचं झाकण फिरवणं. ४ बारच्या दाबाखाली पाणी १०० नव्हे, सुमारे १५० अंश सेल्सिअसला उकळतं. दाब एकदम सुटला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि उरलेलं उकळतं पाणी घेऊन ती बाहेर उसळते. शिट्टी न काढता प्रेशर कुकर उघडण्यासारखंच हे आहे. झाकण उघडण्यापूर्वी स्विच बंद करा, प्लग काढा, वाफ येणं पूर्ण थांबेपर्यंत बटण दाबून ठेवा, मग पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा आणि झाकण अर्धा वेढा फिरवून पुन्हा थांबा. फुसफुस ऐकू आली तर परत घट्ट करा.

कपड्यावर पाणी का पडतं

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या असतात, आणि कारणं पाच-सहाच आहेत.

पहिलं कारण नळी. इस्त्री सुरू केली तेव्हा दीड-दोन मीटरची नळी गार असते. पहिली वाफ तिच्यात शिरते आणि तिथेच तिचं पाणी होतं. ते पाणी पहिल्या दाबाबरोबर इस्त्रीच्या भोकांतून बाहेर येतं. म्हणून दर वेळी सुरुवातीला इस्त्री जुन्या टॉवेलवर धरून ५ ते १० सेकंद वाफ सोडा. फोन घ्यायला गेलात, पाच मिनिटांनी परत आलात, तर पुन्हा तेच करा. मधल्या वेळात नळी गार झालेली असते.

दुसरं कारण कमी तापमान. डायल एका ठिपक्यावर असेल तर इस्त्रीचा तळ साधारण ११० अंशांच्या आसपास असतो. इतक्या कमी गरमीत वाफ कोरडी राहत नाही. वाफेसाठी बहुतेक इस्त्र्यांना दोन ठिपके, म्हणजे १५० च्या जवळ, लागतात. तीन ठिपके २०० च्या आसपास. एका ठिपक्यावर वाफेचं बटण बंदच ठेवा. ज्या इस्त्रीत कंपनीने सगळ्या कपड्यांसाठी एकच तापमान ठरवलेलं असतं, तिला हा नियम लागू नाही.

तिसरं, बटण सोडायचंच नाही ही सवय. सलग वाफ सोडली की तळ थंड होत जातो आणि बॉयलरमधला दाबही उतरतो. दोन-तीन सेकंद वाफ, मग दोन-तीन सेकंद नुसती इस्त्री, असं चालवा. हे फक्त ठिपके टाळण्यासाठी नाही. वाफेचा दमटपणा आणि उष्णता यांमुळे सुती धाग्यातले बंध सैल होतात म्हणून सुरकुती सुटते, आणि ते बंध नव्या, सपाट स्थितीत घट्ट होतात ते धागा कोरडा होताना. वाफ सोडून कपडा दमटच उचलला तर तो उचलताना जसा चुरगळला तसाच वाळतो. कोरडा हात फिरवणं हा निम्मा भाग आहे, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

चौथं कारण इस्त्रीचा बोर्ड. वाफेला खालून वाट हवी. वरचा पत्रा जाळीचा, त्यावर ५ ते ८ मिलिमीटर जाडीचं फेल्ट आणि वर सुती कव्हर, ही मांडणी उत्तम. चंदेरी मुलामा दिलेलं कव्हर साध्या इस्त्रीला चालतं, पण इथे ते वाफ परत वर फेकतं आणि कपडा खालून ओला होतो. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून ही इस्त्री करू नये. वाफ चादरीत अडते, आणि पॉलिश केलेल्या लाकडावर पांढुरके पट्टे उठतात.

शिवाय बॉयलर गळ्यापर्यंत भरला तर वाफेला जागा उरत नाही आणि ती पाण्याचे थेंब घेऊनच निघते. म्हणून सोबतच्या मापाने, ठरलेल्या खुणेपर्यंतच भरा. एवढं सगळं करूनही थेंब येतच असतील तर आत क्षार साचलेत असं समजा.

टाकीत काय घालू नये

सुगंधी द्रव्य, स्टार्च, फॅब्रिक सॉफ्टनर, व्हिनेगर, यातलं काहीही नको. यातले साखरेसारखे किंवा तेलकट अंश तापलेल्या भागावर जळून चिकटतात आणि पुढे तपकिरी थेंबांच्या रूपाने कपड्यावर उतरतात. व्हिनेगर रबराची वायसरं आणि आतला धातू दोन्ही खातं.

एसीतून गळणारं पाणी, कपडे वाळवायच्या यंत्रातलं पाणी आणि पावसाचं पाणी ‘क्षार नाहीत’ म्हणून वापरलं जातं. क्षार कमी असतात हे खरं, पण धूळ, तंतू आणि सेंद्रिय कचरा असतो. तोच जळतो. मीठ वापरून मृदू केलेलं पाणीही टाळा. त्यातला कॅल्शियम गेला तरी त्याजागी सोडियम येतो, आणि वाफेबरोबर थुंकल्यासारखं पाणी यायला लागतं.

बहुतेक पुस्तिका साधं नळाचं पाणी चालेल म्हणतात, आणि पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर निम्मं नळाचं व निम्मं डिस्टिल्ड (वाफ गार करून मिळवलेलं, क्षार नसलेलं) असं मिश्रण सुचवतात. निव्वळ डिस्टिल्ड पाणी घालण्यापूर्वी आपल्या यंत्राची पुस्तिका काय म्हणते ते पाहा.

क्षार: ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं

वाफ बाहेर जाते, क्षार आतच राहतात. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी दीड लिटरच्या टाकीत भरलंत, तर एका टाकीमागे जवळपास अर्धा ग्रॅम पांढरी पूड आत उरते. वीस टाक्यांनंतर ९ ग्रॅम. तापल्यावर पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट होतं. आधी त्याचा गाळ असतो, मग कडक थर. गाळ असेपर्यंत नुसत्या पाण्याने निघतो. थर झाला की नुसत्या पाण्याने निघत नाही, आणि इस्त्री दुरुस्तीला न्यायची वेळ येऊ शकते. म्हणून दर दहा-बारा टाक्यांनी, किंवा वापर कमी असेल तरी महिन्यातून एकदा, बॉयलर धुवा:

१. इस्त्री प्लग काढून निदान दोन तास थंड होऊ द्या. रात्रभर ठेवली तर उत्तम. मग टाकीतलं पाणी ओता.
२. यंत्र मोरीच्या काठावर ठेवा आणि बॉयलरचा स्क्रू किंवा क्षार जमा होणारा दांडा सावकाश काढा. बाहेर येणारं पाणी पाहा. त्यात पांढरे कण किंवा खपल्या दिसतील.
३. पाव लिटर साधं पाणी आत ओता, भोक बंद करून यंत्र दोन्ही हातांनी हलवा, पूर्ण उपडं करून रिकामं करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे सहसा दोन-तीन वेळा.
४. दांडा असेल तर नळाखाली धरून त्यावरचा थर काढा. वायसर जागेवर आहे ना ते पाहून हाताने घट्ट करा. पक्कड लावून आवळू नका, वायसर कापलं जातं.

पंपाच्या इस्त्रीत सहसा सफाईचं वेगळं बटण असतं. ते चालू केल्यावर तळाच्या भोकांतून उकळतं पाणी आणि क्षार येतात, म्हणून खाली सोबत दिलेलं भांडं किंवा घडी घातलेलं जाड फडकं हवंच. सायट्रिक ॲसिड फक्त पुस्तिकेत लिहिलं असेल तरच, आणि सांगितलेल्या मापात.

सफाईनंतरची पहिली वाफ नेहमी जुन्या पांढऱ्या कापडावर अर्धा मिनिट सोडा. कापड स्वच्छ राहिलं तरच शर्टाला हात लावा. डाग आलाच तर त्याच्या रंगावरून कारण कळतं. पांढरी पूड म्हणजे क्षार. तपकिरी, चिकट थेंब म्हणजे टाकीत गेलेलं काहीतरी जळतंय, किंवा कपड्यात राहिलेला साबण वा स्टार्च तळाला लागलाय. दुसऱ्या बाबतीत दोष धुण्याचा असतो. कपडे आणखी एकदा खळबळून काढा. स्टार्चचा फवारा मारायचा असेल तर उलट्या बाजूने मारा, कापडात मुरू द्या आणि मग इस्त्री फिरवा.

चकाकी, पाण्याचे वळ, वितळलेले धागे

गडद रंगाचं कापड सुलट बाजूने दाबलं की धागे चपटे होतात आणि प्रकाश परतवतात. तीच ती चकाकी. लोकरी पँट, काळं पॉलिएस्टर, गडद व्हिस्कोस उलट्या बाजूनेच करा, किंवा मध्ये पातळ सुती कापड ठेवा. लोकरीवर इस्त्री घासू नका. टेकवा, वाफ द्या, उचला. रेशमावर पाण्याचा एक थेंबही वळ ठेवतो, म्हणून उलट बाजू, कमी तापमान आणि वाफ बंद. मखमलीला तळ लावायचाच नाही. दोन-तीन सेंटीमीटर वरून वाफ द्या आणि मऊ ब्रशने लव उभी करा. छापील रबरी चित्रं, टिकल्या आणि इलॅस्टिक यांच्यापासून इस्त्री दूर ठेवा.

कपडे कमी तापमानाकडून जास्तीकडे न्या. इस्त्री तापायला वेळ लागत नाही, थंड व्हायला बराच लागतो, आणि पॉलिएस्टर नेमका त्याच वेळात तळाला चिकटतो. चिकटलाच तर इस्त्री अगदी कमीवर किंचित गरम करा, मऊ झालेला थर लाकडी उलथन्याने ढकलून काढा आणि ओल्या सुती फडक्याने पुसा. तारेची घासणी किंवा सुरी लावली तर ओरखडे कायमचे राहतात आणि पुढे प्रत्येक कपड्याचा धागा त्यात अडकतो.

कॉलर आणि चादर

कॉलर आधी उलट बाजूने करा. टोकापासून मानेच्या मध्याकडे या, मग दुसऱ्या टोकापासून तसंच. मध्यापासून टोकाकडे गेलात तर जास्तीचं कापड टोकाशी गोळा होतं आणि तिथे एक बारीक चुणी दाबली जाते. ती पुढे कितीही वाफ दिली तरी दिसत राहते.

लिनन आणि जाड सुती चादरी कडक वाळवून नंतर वाफेने सरळ करण्यापेक्षा किंचित दमट असतानाच घ्या. चादर लांबीत दुमडून दोन पदरांवर करता येते. झालेला भाग पलीकडे खुर्चीवर सोडा, जमिनीवर लोळू देऊ नका. भरतकाम असेल तर जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून करा, म्हणजे टाके दबत नाहीत. आणि कपडा लगेच कपाटात घालू नका. दहा मिनिटं हँगरवर किंवा खुर्चीच्या पाठीवर गार होऊ द्या. गरम घडी दमट राहते, आणि घडीच्या रेषा पक्क्या होतात.

वाफच येत नसेल तर

टाकी नीट बसली नसेल, पाणी संपलं असेल किंवा वाफ तयार झाल्याचा दिवा अजून स्थिर झाला नसेल, हे आधी पाहा. बऱ्याच इस्त्र्या काही मिनिटं न हलवल्यास आपोआप बंद होतात. पंप मोठ्याने घरघरत असेल तर त्यात हवा भरली आहे. टाकी भरून बटण अर्धा ते एक मिनिट दाबून ठेवा. वाफ झाकणाभोवतून येत असेल तर यंत्र थंड करून वायसर तपासा. अधूनमधून येणारी टकटक मात्र पंपाची किंवा झडपेची असते, तिला घाबरू नका.

ही इस्त्री २००० वॉटच्या वर जाते, म्हणजे २३० व्होल्टला ९ ॲम्पियर आणि जास्त. ती १६ ॲम्पियरच्या सॉकेटलाच लावा, बारीक वायरच्या एक्स्टेंशनला नको. उभी वाफ देताना कपडा हँगरवर टांगा, अंगावरच्या कपड्यावर कधीही नको. वाफ त्वचेवर पाणी होताना आपली सगळी उष्णता तिथेच सोडते, त्यामुळे ती गरम पाण्यापेक्षा खोल भाजते. काम संपल्यावर नळी गरम तळाभोवती गुंडाळू नका, सैल वळसे घालून बाजूच्या खाचेत ठेवा. आणि इस्त्री लावताच ब्रेकर पडत असेल, तर पुन्हा वर करून पाहू नका. आत पाणी विजेच्या भागापर्यंत गेलेलं असण्याची शक्यता आहे. प्लग काढा आणि ती दुरुस्तीला द्या.