सहा पाकळ्यांची क्लचप्लेट

चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढत, पण वेग वाढत नसे. म्हणजे इंजिनाची ताकद गियरबॉक्सकडे नेणारा क्लच घसरत होता. म्हणून मी सहा सिरॅमिक पाकळ्यांची, मध्ये स्प्रिंगा नसलेली रेसिंगची क्लचप्लेट हौसेने बसवली. घसरणे बरेच कमी झाले, मात्र गाडी उचलताना असे हिसके बसत की डॅशबोर्ड थरथरे. ट्रॅकवरील उष्णता अशी प्लेट उत्तम सोसते, हे मान्य. रोजच्या रस्त्यावर ती निव्वळ मिरवण्याची वस्तू ठरली, आणि स्प्रिंगा नसल्याने धक्के थेट गियरच्या दात्यांवर जात होते ते वेगळेच. अखेर गियरबॉक्स पुन्हा उतरवला, तेव्हा बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाशी तेलाचा ओघळ दिसला: क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑइल सील गळत होते आणि त्याच तेलाने क्लच घसरत होता. सील बदलून, फ्लायव्हील (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची चकती) स्वच्छ करून साधी ऑर्गॅनिक, म्हणजे तंतू व रेझिनच्या अस्तराची, प्लेट बसवल्यावर घसरणे आणि हिसके दोन्ही थांबले.