लोनसोबत गळ्यात मारलेला इन्शुरन्स: हातात एकही कागद नसताना पैसे परत कसे मागायचे

होम लोन घेऊन पाच-सात वर्षं झालेली असतात आणि कुणीतरी बोलता बोलता म्हणतं की अरे माझ्या लोनमध्ये न विचारता इन्शुरन्स घातला होता, तुझ्यात बघितलंस का. मग आपण फाईल शोधायला जातो तर घर बदलताना ती कुठे गेली पत्ता नाही, सँक्शन लेटर म्हणजे कर्ज मंजुरीचं पत्र नाही, पॉलिसी तर कधी पाहिल्याचंच आठवत नाही. बहुतेक जण इथेच सोडून देतात. सोडू नका, कारण हे पैसे तुम्ही रोखीत दिलेले नसतात, ते लोन खात्यातून गेलेले असतात आणि त्या खात्याची नोंद बँकेकडे असते. तुमच्या कपाटात काय आहे यावर हे काम अडत नाही.

एक आधीच सांगतो. ब्रिटनमध्ये असाच लोनचा विमा, तिकडे पीपीआय म्हणायचे, लाखो लोकांना विकला गेला आणि बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत द्यावे लागले, पण तिथे नियामकाने सगळ्यांसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरवून मोहीमच चालवली होती. आपल्याकडे तसं काही नाही. इथे ज्याचं त्याने भांडायचं, आणि लेखी भांडायचं.

आता हा विमा असतो कसा ते बघा. बऱ्याचदा बँक स्वतःच्या नावावर एक ग्रुप पॉलिसी घेऊन ठेवते आणि कर्जदार त्यात फक्त मेंबर. म्हणून तुमच्या नावाची जाडजूड पॉलिसी कधी येतच नाही, दोन-चार पानांचं सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स असतं, त्याला सीओआय म्हणतात, आणि ते कुठल्यातरी जुन्या ईमेलवर पडलेलं असतं. प्रीमियम एकरकमी, पण तो खिशातून मागत नाहीत, लोनमध्येच वाढवून घालतात, म्हणून दुखत नाही. समजा ९० हजारांचा प्रीमियम ९ टक्क्यांनी २० वर्षांच्या लोनमध्ये गेला, तर तेवढ्यापोटी महिन्याला साधारण ८१० रुपये हप्ता बसतो आणि शेवटपर्यंत १ लाख ९४ हजारांच्या आसपास जातात. आणि कव्हर कितीदा तरी पाचच वर्षांचं असतं, लोन वीस वर्षांचं!

पण रद्द करायच्या आधी थांबून एक विचार करा. डायबेटिस, हार्टचा त्रास, वय झालेलं, दुसरा टर्म प्लॅन नाही, अशी परिस्थिती असेल आणि कव्हर अजून चालू असेल तर ते ठेवलेलं बरं, नवीन विमा महाग पडेल किंवा मिळणारच नाही. आणि घरातला कर्जदार वारला असेल तर हाच शोध उलट्या कारणासाठी करा, विमा असेल तर उरलेलं लोन त्यातून फिटू शकतं आणि घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तर शोध. लोन नंबरही आठवत नसेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, त्यात कुठल्या बँकेने कधी किती लोन दिलं आणि कधी बंद झालं ते येतं, बंद झालेली लोनंही काही वर्षं दिसतात. तिथे नीट बघा, होम लोनच्याच तारखेला त्याच बँकेचं एक छोटं वेगळं लोन दिसलं तर ते बहुधा इन्शुरन्सच्या प्रीमियमचंच आहे, काही बँका प्रीमियमसाठी वेगळं लोन खातं उघडतात. दुसरी जागा म्हणजे ज्या सेव्हिंग खात्यातून ईएमआय जायचा त्याचं स्टेटमेंट, ईसीएसच्या, म्हणजे आपोआप हप्ता कापल्याच्या, ओळीत लोन नंबर सापडतो. महाराष्ट्रात घर तारण ठेवताना दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे तारणाची सूचना, भरलेली असते, त्यात बँक, रक्कम, तारीख असते आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधता येते, हे फार कमी लोकांना सुचतं. मग ईमेल आणि एसएमएसमध्ये सीओआय, क्रेडिट लाइफ, क्रेडिट प्रोटेक्ट, लोन सुरक्षा, ऋण रक्षा असले शब्द टाकून शोधा, स्पॅमसकट.

लोन नंबर मिळाला की बँकेला एक अर्ज. शाखेत तोंडी विचारू नका, "सिस्टीममध्ये दिसत नाही" एवढंच ऐकून परत याल. अर्ज ईमेलने पण करा आणि शाखेत प्रत देऊन सही-शिक्क्याची पोच घ्या. मजकूर साधा ठेवा:

"माझ्या अमुक क्रमांकाच्या कर्ज खात्याचं पहिल्या वितरणाच्या तारखेपासून आजपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट, सँक्शन लेटरची प्रत, वितरणाच्या वेळी कोणाला किती रक्कम दिली त्याचा तपशील, आणि या खात्यातून विम्यापोटी काही रक्कम वळती केली असल्यास विमा कंपनीचं नाव, सीओआय, माझ्या सहीचा प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) आणि संमतीचा पुरावा द्यावा. माझ्याकडे यातलं कोणतंही कागदपत्र नाही."

शेवटचं वाक्य लाजून गाळू नका, त्याचा उपयोग पुढे आहे. स्टेटमेंट आलं की पहिलं पानच बघायचं. लोन मंजूर ३० लाख ९० हजार आणि बिल्डरला गेले ३० लाख, तर मधले ९० हजार कुठे गेले ते त्याच पानावर असतं. विमा कंपनीचं नाव कळलं की तिलाही वेगळा ईमेल करा, पॅन, जन्मतारीख आणि लोन नंबर देऊन सीओआय, प्रपोजल फॉर्म, आरोग्याचं डिक्लरेशन आणि व्हेरिफिकेशन कॉल झाला असेल तर त्याचं रेकॉर्डिंग मागा. हे हातात आलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उघड्या पडतात. उत्पन्न भलतंच लिहिलेलं, नॉमिनीचं नाव चुकीचं, बीपीची गोळी चालू असताना "कोणताही आजार नाही" वर टिक, नोकरी न करणाऱ्या सहकर्जदाराच्या नावावर विमा, हे सगळं सापडतं.

बँक सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पण आहे, फी १० रुपये, स्वतःच्या खात्याची माहिती मागायला कुणी आडकाठी करू शकत नाही. खाजगी बँकेला हा कायदा लागू नाही. आणि उशीर करू नका, मनी लाँडरिंग कायद्याखाली बँकांना खातं बंद झाल्यावर पाच वर्षं रेकॉर्ड ठेवावं लागतं, त्यानंतर त्यांनी "सापडत नाही" म्हटलं तर तुमची बाजू लंगडी पडते.

आता मागायचं काय, इथे लोकांचा घोळ होतो. दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत. एक, लोन मुदतीआधी फेडलंय आणि विम्याची मुदत बाकी आहे, तर उरलेल्या काळाचे पैसे. यात कुणी फसवलं हे सिद्ध करायची गरजच नाही, फक्त सरेंडर, म्हणजे विमा मुदतीआधी बंद करून पैसे, मागायचं, पैसे कंपनीच्या फॉर्म्युल्याने येतात, एकरकमी प्रीमियमच्या लाइफ कव्हरमध्ये हे बहुतेकदा असतं. लोन बंद करताना बँक हे आपणहून सांगत नाही. दोन, विमा फसवून किंवा सक्तीने विकला म्हणून सगळा प्रीमियम आणि त्यावर लोनने लावलेलं व्याज. यासाठी मुद्दे लागतात. "हा आरबीआयचा नियम आहे, नाहीतर फाईल पुढे जाणार नाही" असं सांगितलं असेल तर असा नियम नाही. तारण ठेवलेल्या घराचा आगीचा वगैरे विमा बँक करारानुसार मागू शकते, पण तोही अमुकच कंपनीकडून घ्या म्हणू शकत नाही. कर्जदाराच्या जीवाचा विमा तर ऐच्छिकच आहे.

आणि आता ते "कागद नाही" वालं वाक्य. पॉलिसी पसंत नसेल तर परत करायची फ्री लुक मुदत २०२४ च्या नियमांपासून ३० दिवस आहे, आधी साधारणपणे १५ होती, आणि ती मोजतात कागद हातात पडल्यापासून. सीओआय तुम्हाला मिळालंच नसेल तर मुदत संपली कशी? कधी, कुठल्या पत्त्यावर, कशाने पाठवलं आणि कुणी घेतलं याचा पुरावा कंपनीकडे मागा. दर वेळी जिंकाल असं नाही, पण समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. लोन १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं असेल तर अजून सोपं, तेव्हापासून रिटेल लोनला की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनच्या अटी आणि खर्चाचं पान, द्यावंच लागतं, त्यात इन्शुरन्सचा खर्च वेगळा दाखवून एपीआरमध्ये, म्हणजे लोनच्या एकूण वार्षिक खर्चाच्या टक्क्यात, धरायचा असतो आणि त्याची पावतीही द्यायची असते. ते पान नसेल किंवा त्यात विमा नसेल तर तक्रारीत हाच पहिला मुद्दा ठेवा.

तक्रार दोन वाटांनी जाते आणि दोन्हीकडे टोलवाटोलवी होणार, बँक म्हणणार विमा कंपनीला विचारा, कंपनी म्हणणार बँकेने विकलाय. म्हणून विषय आधीच वाटून घ्या. सक्ती केली, न विचारता रक्कम वळती केली, व्याज लावलं, ही तक्रार बँकेवर. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, सीएमएस या त्यांच्या तक्रारीच्या पोर्टलवर, फी नाही, हेल्पलाइन १४४४८, मराठीतून बोलता येतं. २०२१ च्या योजनेप्रमाणे बँकेचं उत्तर आल्यापासून एका वर्षात जायचं, पण तेवढं थांबू नका, आणि मूळ तक्रारच लिमिटेशन कायद्याने दावा करायला दिलेल्या मुदतीबाहेरची असेल तर ते घेत नाहीत. पॉलिसीची, सरेंडरची, चुकीच्या माहितीची तक्रार विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे, मग आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५, आणि तरी हललं नाही तर विमा लोकपाल. महिनाभर उत्तर नाही आलं किंवा नकार आला की तिथून एका वर्षात. मुंबई आणि पुण्यात ऑफिसं आहेत, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, वकील आणायला परवानगीच नाही, म्हणजे समोरूनही वकील येत नाही, ही मला या व्यवस्थेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

ग्राहक आयोग हा तिसरा रस्ता, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. जुन्या प्रकरणात फसवणूक तुम्हाला कधी कळली ते तारखेसकट लिहा आणि उशीर माफ करायचा अर्ज सोबत जोडा. एकच भांडण लोकपालाकडे आणि आयोगात एकाच वेळी नेऊ नका, लोकपाल फाईल बंद करतो.

लोन बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील तर विमा कंपनीच्या वेबसाइटवर अनक्लेम्ड अमाउंटचं, म्हणजे कुणी न मागितलेल्या पैशांचं, पान असतं, तिथे पॅन आणि जन्मतारीख टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. रिफंड निघाला आणि चेक जुन्या पत्त्यावर जाऊन परत आला असंही होतं. दहा वर्षं कुणी मागितलं नाही की तो पैसा सीनियर सिटिझन वेल्फेअर फंडात जातो, तिथूनही तो मागता येतो, फक्त कायमचा बुडायच्या आत मागायला हवा.

हे सगळं चालू असताना "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त जीएसटी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. आयआरडीएआय कुणाला असे फोन करत नाही. कमिशनवर काम करून देतो म्हणणारे पण असतात, वर जे सांगितलं तेच अर्ज ते पाठवतात.

पैसे आले की कुठे आले ते बघा. लोन चालू असेल तर रिफंड बऱ्याचदा थेट लोन खात्यात जमा होतो, तेव्हा तो मुद्दलात धरला की पुढच्या हप्त्यांचा ॲडव्हान्स म्हणून ठेवला ते विचारा, मुद्दलातच धरायला सांगा आणि नवीन परतफेडीचं शेड्यूल मागून घ्या. लोन बंद असेल तर एनओसी, म्हणजे लोन फिटल्याचा बँकेचा दाखला, आणि कॅन्सल चेक विमा कंपनीला पाठवा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. प्रीमियमवर लागलेलं व्याज यात येत नाही, त्याचा हिशोब बँकेकडे वेगळा लावायचा.