कॉलेजांची यादी घरच्यांसोबत कशी करावी

मी कुडाळ तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बारावीचा निकाल लागला की आईवडील मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, "सर, झिलाक खय घालूया?" तुम्ही शिक्षक असाल, बँकेत असाल किंवा वाडीतले पहिले इंजिनियर असाल, तर तुमच्याकडेही येत असतील. त्यांच्याबरोबर बसून यादी कशी करायची ते लिहितो. उदाहरणं बरीचशी इंजिनियरिंगची आहेत, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

पहिल्या बैठकीत एकाही कॉलेजचं नाव काढू नका. आधी पैशांचं बोलणं होऊ द्या, आणि ते मुलासमोर होऊ द्या. आपल्याकडे वडील म्हणतात, "तू शिक, पैशांचा मी बघतंय," आणि पुढे आंब्याची बाग आगाऊ कराराने देऊन नाहीतर दागिने गहाण ठेवून हप्ते भरतात. मुलाला त्याचा पत्ताही नसतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घरची खरी ऐपत कळली तर तो खचत नाही, उलट यादीकडे जास्त जबाबदारीने बघतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वर्षाला किती झेपेल तो आकडा वडिलांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहावा. त्याखाली फी, राहणं, मेस आणि येणं-जाणं असे रकाने पाडा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. एजंटाने सांगितलेला आकडा वहीत येता कामा नये.

आता सवलती. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर बऱ्याच कुटुंबांना शिक्षण शुल्कात काही ना काही सूट मिळते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही माफी गेली. मेसचे पैसे या माफीत येत नाहीत, तेही घरच्यांना स्पष्ट सांगा. शिवाय टीएफडब्ल्यूएस म्हणून शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या जागा असतात. त्यांचा कोड वेगळा, शेवटी 'टी' असलेला. तो विकल्प म्हणून, म्हणजे अर्जातली वेगळी पसंती म्हणून, स्वतंत्र भरावा लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळे चांगल्या मार्कांची गरीब मुलं त्या जागांना मुकतात. याचं मला फार वाईट वाटतं.

मग मार्क. बोर्डाच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे आपल्या घरांत टक्क्यांवर मोठा विश्वास. इंजिनियरिंगची गुणवत्ता यादी मात्र सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. 85 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरातले 85 जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे. बोर्डात 85 टक्के मिळणं वेगळं. आईवडिलांना हा फरक शांतपणे, घाई न करता समजावा, नाहीतर पोराने अभ्यास केला नाही असा त्यांचा समज होतो.

सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ, म्हणजे प्रत्येक जागेवर शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते आकडे, मिळतात. आपल्या प्रवर्गाचाच रकाना बघा. 'एल' अक्षराने सुरू होणारे रकाने मुलींचे. एका वर्षावर विसंबू नका, दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा. त्यातून आवाक्याच्या जरा वरची थोडी कॉलेजं, आसपासची बरीच आणि जवळजवळ नक्की मिळतील अशी काही निवडा.

निवडून झाली की कटऑफचा कागद बाजूला ठेवा. यादीचा क्रम मुलाच्या इच्छेने लावायचा, मिळण्याच्या शक्यतेने नाही. कॉम्प्युटर गुणवत्ता क्रमांकानुसार तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि जी जागा पहिल्यांदा मोकळी दिसेल ती देतो. अवघड कॉलेज वर ठेवल्याने खालच्याची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट "हे नक्की मिळेल" म्हणून साधं कॉलेज पहिलं टाकलं आणि पहिल्याच फेरीत ते मिळालं, तर ऑटो फ्रीज होतं. तेच घ्यायचं, पुढच्या फेऱ्या बंद. आणि जे मिळालं तरी जाणार नाही, ते यादीत मुळीच नको.

जवळ की लांब, यावर घराघरांत वाद होतो. रत्नागिरीचं फिनोलेक्स इंजिनियरिंग कॉलेज, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, डिप्लोमासाठी मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन ही आपल्या किनाऱ्यावरची नावं पुण्या-मुंबईच्या नावांशेजारी लिहा आणि एकूण खर्च तपासा. गोवा जवळ आहे खरा, पण तिथल्या बहुतेक सरकारी जागा गोव्याच्या रहिवाशांसाठी असतात. शक्य असेल तर एकदा कॉलेज बघून या, आणि ऑफिसात बसण्याऐवजी कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रयोगशाळा खरोखर उघडी असते का, शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून जातात का, हे ती सरळ सांगतात.

मुलाला इंजिनियर व्हायचं आहे का, हेही एकदा विचारा. निवतीकडची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती, घरचा मासेमारीचा धंदा. तिला मत्स्यशास्त्र शिकायचं होतं. काका म्हणाले, "मासे धरूक कॉलेज कित्याक व्हया?" मी त्यांना रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची माहिती वाचून दाखवली: मत्स्यशेती, प्रक्रिया, जाळ्यांचं तंत्र, माशांचे रोग. काका बराच वेळ गप्प होते, मग स्वतःच फीचं विचारू लागले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची अशी महाविद्यालयं आपल्या दारात आहेत. मुळद्याचं उद्यानविद्येचं तर कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा अर्ज वेगळा असतो, तारखाही वेगळ्या.

चाकरमानी नातेवाइकांचा फोन येणारच. त्यांचं ऐका, पण त्यांनी सुचवलेलं कॉलेज वहीतल्या त्याच रकान्यांतून जाऊ दे.

कागदांचं अकरावीतच बघा. जात पडताळणीला वेळ लागतो, नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत चालणारं हवं, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून. विकल्प भरायचे दिवस येतात ऐन पावसाळ्यात. वीज जाते, रेंज जाते, सर्व्हर अडकतो, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाईल मुलाच्या किंवा पालकांच्याच हातात असू द्या, सायबरवाल्याकडे नको. अर्ज पक्का करण्याआधी मुलाला सगळी यादी मोठ्याने वाचायला लावा, कोडसकट. एखाद्या नावाशी त्याचा आवाज अडखळला तर तिथे थांबून विचारा. मग पक्का करा, प्रिंट काढा, आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा. पुढच्या फेरीला ती लागते.