वैराटचा डोंगर कसा पाहावा?

मेळघाटातील वैराट हे गाविलगड डोंगररांगेतील सर्वांत उंच ठिकाण असून त्याची उंची सुमारे ११७८ मीटर आहे. ते व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्यामुळे, मनात आले की पायी निघावे, अशी ही जागा नाही. म्हणून पहिले काम परवानगीचे. चिखलदऱ्यात वन विभागाकडे चौकशी करून नोंदणीकृत वाहन आणि वाटाड्या ठरवावा. इथल्या कोरकू आदिवासी समाजातला वाटाड्या मिळाल्यास उत्तम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, कारण पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचा कडाही दिसत नाही.

डोंगर वाचायला सुरुवात मात्र परतवाड्यापासूनच करावी. पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून हे डोंगर एकदम उभे राहतात, कारण त्यांच्या पायथ्याशी भूकवचाला मोठा तडा, म्हणजे गाविलगड प्रस्तरभंग आहे. त्याच्या उत्तरेकडील भाग वर राहिला आणि दक्षिणेकडील खचलेल्या भागात नद्यांनी गाळ भरला. आपला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, याच गाळावर वसलेला आहे.

घाटात सुरक्षित जागी थांबून रस्त्यासाठी कापलेली दरड नीट न्याहाळावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर येथे एकावर एक बसलेले आहेत. प्रत्येक थरातला खालचा काळा कातळ घट्ट असतो, तर वरचा भाग छिद्राळ, मुरमाड आणि हाताने उकरता येईल इतका ठिसूळ असतो. छिद्रांत कुठे कुठे पांढरी गारगोटी चमकते. दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसला, तर पुढचा लाव्हा येण्यापूर्वी खालचा थर बराच काळ उघड्यावर झिजत होता, असे समजावे. दगड मात्र उचलून आणू नयेत.

पायी फिरण्याची हौस गाविलगड किल्ल्यावर भागवावी. घट्ट थरांमुळे त्याला सरळ कडे लाभले आहेत. त्यातल्या त्यात सोपी बाजू उत्तरेची, म्हणूनच १८०३च्या डिसेंबरात इंग्रजांनी अवजड तोफा डोंगरातून ओढत त्या बाजूला आणल्या. जाड तळव्याचे बूट आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी सोबत असावे, आणि गवताने झाकलेल्या कड्यांच्या टोकाशी जाऊ नये.

वैराटला सकाळच्या फेरीत जावे, म्हणजे हवा स्वच्छ असताना दूरवरच्या रांगांचे सपाट माथे नजरेत भरतात. घाट दिवसाउजेडीच उतरावा.