पाऊण तासात रास्पबेरी पायची ओळख करून देताना

माझं पहिलं भाषण मी २९ फेब्रुवारी २०१२ पासून सुरू केलं होतं. त्या दिवशी रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा पुरा कॉम्प्युटर, पहिल्यांदा विक्रीला आला. मग तो जिथे तयार झाला ते केंब्रिज, त्याचे जनक एबन अप्टन, ३५ डॉलर किंमत, 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' ही नावं जुन्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवरून कशी घेतली ते, आणि त्यानंतर पाय २, पाय ३, पाय ४ यांचा तक्ता. वीस-बावीस मिनिटं त्यातच गेली. पोरं गुपचूप ऐकत होती. शेवटी दाराशी उभे असलेले लॅबमधले एक काका म्हणाले, "पन हाई करस काय?"

हे नेमकं करतं काय, याचं उत्तर माझ्या चाळीस स्लाइडमध्ये कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून मी तयारी उलट्या बाजूने करतो. पोरांसमोर घडणारी एक गोष्ट आधी ठरवायची आणि तिला लागेल तेवढंच सांगायचं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या पोरांसमोर आता बरेचदा बोलून झालंय. तुम्हाला कोणी असं बोलायला बोलावलं असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहितोय.

माझं रोजचं काम केळी पिकवायच्या चेंबरची कंट्रोल पॅनेलं जोडायचं. कच्ची केळी चेंबरमध्ये साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू देतात. तापमान चढलं तर साल पिवळी व्हायच्या आत गर मऊ पडतो. रावेर-यावलकडच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याने घरात पाहिलेलं असतं. म्हणून माझी गोष्ट तापमानाची. तुमच्याकडे दूध डेअरी असेल, जिनिंग असेल, विहिरीवरची मोटर असेल, तर तिथली गोष्ट घ्या. ऐकणाऱ्याच्या घरातली असली की अर्धं समजावणं वाचतं.

सामान थोडंच लागतं: एक पाय, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी), तीन-चार जम्पर वायर, डीएस१८बी२० नावाचा पाण्यात बुडवता येणारा टेम्परेचर सेन्सर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि माठातल्या पाण्याचा ग्लास. सेन्सरची लाल वायर ३.३ व्होल्टच्या पिनवर, काळी ग्राउंडवर, पिवळी जीपीआयओ ४ या सिग्नलच्या पिनवर, म्हणजे मोजून सातव्या पिनवर. रेझिस्टर लाल आणि पिवळीच्या मध्ये. सेटिंगमध्ये वन-वायर (एकाच वायरवरून सेन्सरशी बोलायची सोय) चालू केलं की सेन्सरच्या नावाचं फोल्डर दिसतं, आणि त्यातली फाइल उघडली की शेवटी 'टी=' पुढे आकडा असतो. मे महिन्यात दुपारी एका वर्गात तो ३९८१२ होता. याला हजाराने भागा म्हटलं की पहिल्या बाकावरून उत्तर येतं, "एकोणचाळीस पॉइंट आठ." मग सेन्सर माठाच्या पाण्यात सोडायचा आणि गप्प राहायचं. प्रोजेक्टरवर आकडा उतरायला लागतो. ३६, ३३, ३०. या दीड मिनिटात काही बोलू नका. मी सुरुवातीला मध्येच समजावत बसायचो, तेव्हा पोरांचं लक्ष आकड्यावरून उडून माझ्याकडे यायचं.

आकडा स्थिरावला की प्रश्न आपोआप येतात, आणि तेव्हा बोर्ड काय आहे हे सांगायला जागा तयार होते. हा पुरा कॉम्प्युटर आहे, याच्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड आहे, आणि कडेच्या ४० पिनांमुळे तो बाहेरच्या वस्तूंशी बोलू शकतो. एवढं पुरे. प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा हे विचारलं तरच सांगा.

एक फरक मात्र सावकाश समजावावा लागतो, कारण निम्मी पोरं तिथेच अडकलेली असतात: पाय आणि आर्डुइनो नावाचा दुसरा छोटा बोर्ड. मी जागल्या आणि कारभाऱ्याचं उदाहरण देतो. आर्डुइनो उनो म्हणजे शेतातला जागल्या. त्याला एकच काम नेमून द्यायचं, ते तो रात्रभर न चुकता करतो. नेहमीच्या उनोची (आर३) मेमरी अवघी २ किलोबाइट, पण वीज आली की क्षणात कामाला लागतो आणि वीज गेली तरी त्याचं काही बिघडत नाही. पाय हा कारभारी. तो वही लिहील, फोटो काढील, इंटरनेटवर निरोप धाडील, चार कामं एकदम सांभाळील. पण उठायला वेळ लावतो, आणि हातात दहा कामं असल्यामुळे अगदी ठरल्या सूक्ष्म क्षणी पिन चालू-बंद करील याची खात्री देता येत नाही. २०२१ मध्ये आलेला पायको हा छोटा बोर्ड नावाने पायच्या घरचा असला तरी कामाने जागल्याच. हे ऐकल्यावर पोरं स्वतःच सांगू लागतात की ठिबकचा व्हॉल्व्ह कोणाकडे द्यायचा आणि महिन्याभराची नोंद कोणाकडे.

याच ओघात जमिनीच्या ओलाव्याचा प्रश्न येतोच येतो. आमच्याकडे कापूस-केळीचं घर असलेला एक तरी पोरगा तो विचारतोच. खरं ते सांगा: बाजारात मिळणारा साधा ओलावा सेन्सर कमी-जास्त होणारा व्होल्टेज देतो, आणि पायला तसा व्होल्टेज मोजणारी पिनच नाही. मध्ये व्होल्टेजचा आकडा करून देणारी एमसीपी३००८सारखी चिप लावावी लागते, नाहीतर ते काम आर्डुइनोकडे द्यावं लागतं. हे लपवलं तर पोरगा पैसे घालून घरी अडकतो आणि पुन्हा या वाटेला जात नाही. तसंच पिनांवर ३.३ व्होल्टच चालतात हे दोनदा सांगा. ५ व्होल्टचा सिग्नल थेट पिनवर दिला तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. आणि पोरगा घरी जाऊन थेट मोटरला वायर लावेल, म्हणून मोटर, २३० व्होल्ट आणि पिन यांचा सरळ संबंध नसतो, मध्ये रिले (सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच) आणि जाणता माणूस लागतो, हेही तिथल्या तिथे सांगा.

आता वीज. एका तालुक्याच्या गावी माझं भाषण ऐन रंगात असताना लाईट गेली, आली, परत गेली. बोर्ड चालू असताना वीज तुटली की कार्डावर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं, आणि कधी कधी सगळी सिस्टिमच उठत नाही. त्या दिवशी उठली नाही. तीसेक पोरं समोर बसलेली, आणि दाखवायला काही नाही. ती हळहळ अजून मनात आहे. त्यानंतर मी कार्डाची हुबेहूब नक्कल असलेलं दुसरं कार्ड खिशात ठेवतो, आणि बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का हे खुर्च्या लावायच्या आधी विचारतो. पॉवर अडॅप्टर पायसाठीचाच, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचा. मोबाइलच्या चार्जरवर चालतो खरा, पण लोड आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसते आणि बोर्ड मध्येच रिस्टार्ट होतो.

हॉलच्या इंटरनेटवर भरवसा ठेवू नका. जे काही डाउनलोड करायचं ते घरून करून न्या. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नेट मिळालं नाही तर तारीख-वेळ चुकते, आणि तुमच्या नोंदीत भलतीच तारीख छापून येते. पाय ४ घेऊन जात असाल तर मायक्रो एचडीएमआयची केबल आठवणीने पिशवीत टाका. कॉलेजात साधी एचडीएमआय सापडते, ही सापडत नाही. किमतीचा आकडा स्लाइडवर लिहू नका. तो बदलत राहतो, म्हणून त्या आठवड्यात दुकानात विचारून तोंडी सांगा.

आदल्या दिवशी मी घरी घड्याळ लावून सगळं एकदा करतो, सामान पिशवीतून काढण्यापासून. एकदा अशा तालमीत सेन्सरने ८५ अंश दाखवले. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी उकळतंय का?" ग्लास तर गार होता. हा सेन्सर वीज मिळताच, पहिलं माप घ्यायच्या आधी, ८५ हाच आकडा धरून बसलेला असतो. वायर सैल असली की तो मधूनच नव्याने सुरू होतो आणि तेच ८५ पुन्हा दिसतात. ते कळल्यापासून मी भाषणात मुद्दाम लाल वायर जराशी सैल ठेवतो आणि ८५ आले की वर्गाला विचारतो, आता काय तपासायचं?

भाषण पाऊण तासात संपवा आणि पुढचा अर्धा तास टेबल पोरांच्या ताब्यात द्या. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. हात पाठीमागे बांधले तर उत्तम, कारण वायर चुकीच्या पिनकडे जाताना दिसली की आपला हात पुढे जातोच. ३.३ ऐवजी ५ व्होल्टकडे निघाली तर जरूर थांबवा, बाकी चुका होऊ द्या.

गेल्या खेपेला चोपड्याकडची एक मुलगी भाषणभर एक शब्द बोलली नव्हती. सगळे चहाला गेल्यावर ती टेबलाशी आली, सातवी पिन बोटाने दोनदा मोजली, रेझिस्टर लावला, प्रोग्रॅम चालवला. स्क्रीनवर ८५ आले. मी काही म्हणायच्या आत तिने लाल वायर अंगठ्याने दाबून बसवली आणि पुन्हा चालवलं. ३१.४ आले. मग तिने सेन्सर मुठीत धरला आणि आकडा वर चढताना बघत राहिली.